सात मजल्यांसाठी भाजलेला स्लॅब

मी स्लॅब बोलतोय. हो, स्लॅबच. पण आत्ता तुमच्या डोक्यावर असेल तो सिमेंटचा नव्हे. मी लाकडाचा स्लॅब आहे.

तुम्ही माणसं स्लॅबविषयी बोलताना मोठी गंमत करता. नवं घर बांधत असलात की हसत हसत सांगता, "आज आमचा स्लॅब पडला!" आणि सगळ्यांना जिलबी वाटता. कुणाचं जुनं छत कोसळलं तरी शब्द तेच, "स्लॅब पडला हो!" ऐकणाऱ्यानं आधी तुमच्या तोंडाकडे बघायचं आणि मग हसायचं की हळहळायचं ते ठरवायचं. माझ्या बाबतीत हा घोटाळा नाही. मला कुणी ओतत नाही, त्यामुळे मी पडत नाही. मला जोडतात, उचलतात आणि जागेवर बसवतात.

माझा जन्म एका जागी झाला नाही. मी एका झाडाचा नाही, बऱ्याच झाडांचा आहे. ती सगळी झाडं मात्र एकाच बांधावरची. आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळला सावळेराम नावाचे शेतकरी आहेत. टोमॅटोच्या मळ्याला वारा झोडपू नये म्हणून त्यांनी बांधावर निलगिरीची रांग लावली होती. वारा अडवणं हे आमचं पहिलं काम. ते आम्ही डोलत डोलत करत होतो.

आमच्या जातीचं पुढचं नशीब सगळ्यांना ठाऊक असतं. निलगिरी मोठी झाली की तिच्या बल्ल्या करतात. सिमेंटचा स्लॅब ओला असताना त्याच्याखाली टेकू म्हणून त्या उभ्या राहतात. स्लॅब वाळला की हातोडीनं ठोकून काढायच्या आणि ट्रकमध्ये भिरकावून पुढच्या साइटवर न्यायच्या. घर उभं राहतं, वास्तुशांत होते, आणि बल्ल्या रस्त्याकडेला पडून असतात. घर उभं करूनही घरात कधी राहायला न मिळालेलं लाकूड ते आमचं.

म्हणून त्या दिवशी बांधावर एक मुलगी आली, खोडांना हात लावून बघायला लागली आणि "मला यांची इमारत करायचीय" म्हणाली, तेव्हा सावळेरामांना हसूच आवरेना.

"निलगिरीची इमारत? अवो ताई, ही बल्लीचं लाकूड हाय. वाळलं की वाकडं व्हतं, चिरा जात्यात. हिचं घर कोन करतंय राव?"

"एकेकट्या फळीचं घर नाही करायचं, काका," ती म्हणाली. "सगळ्यांना एकत्र बांधून करायचं."

"मग करा बया. आमी बघायला येऊ."

ती मुलगी म्हणजे समरीन. जुन्नरची. तिचे वडील पीरमहंमद यांची जुन्नरला लाकडाची वखार आणि फर्निचरचा कारखाना. समरीन पुण्याला इंजिनीअरिंग शिकली, मग इमारतींचे सांगाडे आखायच्या कामात पडली आणि शेवटी परत वडिलांच्या वखारीतच येऊन बसली. वखारीच्या एका कोपऱ्यात तिचं टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर नेहमी पातळसा भुसा.

आम्हाला त्या वखारीत आणलं. फळ्या पाडल्या, गरम हवेच्या खोलीत वाळवल्या. वाळताना आम्ही सावळेराम म्हणाले तसेच वागलो. कुणी वळलं, कुणी फाटलं. बिघडलेल्या फळ्या बाजूला गेल्या, उरलेल्यांची भिंतीशी थप्पी लागली. तेव्हा मी अजून 'मी' झालो नव्हतो. थप्पीतून मी सगळं बघत मात्र होतो. इमारत कुणाची आणि कुठे, हे अजून ठरायचं होतं.

मंचरचे कापडवाले बन्सीलाल शेठ यांचा पुणे-नाशिक रस्त्याजवळ एक प्लॉट होता. त्यावर त्यांना राहण्यासाठी सात मजली इमारत बांधायची होती. आमच्याकडे सात मजले म्हणजे टॉवरच. वरचा मजला घरच्यांसाठी, खालचे लोकांना. अडचण अशी, की प्लॉटची जमीन काळी, भुसभुशीत, मुरूम फार खोल. सिमेंटची सात मजली इमारत तिथे उभी करायची तर आधी पाताळात उतरायला हवं. पीरमहंमद आणि शेठ जुने ओळखीचे. शेठनी सहज विचारलं, तुमची मुलगी काही सुचवते का बघा.

समरीननं सुचवलं ते ऐकून तिचे वडीलच आधी गडबडले.

"बेटा, लाकडाचं कपाट करतात. दिवाण करतात. सात मजले नाही करत."

"अब्बा, लाकूड सिमेंटच्या मानानं फार हलकं. एवढ्या जमिनीला ते पेलवेल. आणि जगात उभ्या आहेत अशा इमारती, सातच्याही वर."

"जगात असतील. मंचरला नाहीत."

तरी त्यांनी लेकीला फळ्या दिल्या, आणि गिऱ्हाइकांना मोठ्या आवाजात सांगायलाही लागले, "समरीनचं काम चाललंय, जरा हळू ठोका." अभिमान आणि काळजी एकाच आवाजात मावतात हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

समरीनची कल्पना साधी होती. तळमजला सिमेंटचा, लिफ्टचा आणि जिन्याचा उभा गाभाही सिमेंटचा. त्याच्यावर सहा मजले लाकडाचे. खांब, भिंती, स्लॅब, सगळं फळ्या चिकटवून केलेलं. स्लॅबमध्ये एक थर उभा, त्यावर एक आडवा, असे पाच. उभ्या थराला फुगायचं झालं तर आडवा त्याला धरून ठेवतो, आडव्याला वळायचं झालं तर उभा वळू देत नाही. एकत्र कुटुंबासारखंच म्हणा ना. कुणाला मनासारखं वागता येत नाही, आणि त्यामुळेच घर सरळ राहतं.

आता सुमतीबाईंविषयी सांगतो. कारण प्लॉट त्यांच्या नावावर होता, आणि खरं सांगायचं तर शेठही त्यांच्याच नावावर होते.

सुमतीबाई बन्सीलाल शेठच्या पत्नी. सत्तरीला आलेल्या, ठेंगण्या, चालायला तुरतुरीत. त्या शेठबरोबर पहिल्यांदा वखारीत आल्या तेव्हा पीरमहंमदनी शिसवी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची स्वतः ओढून घेतली.

"वहिनी अशाच," पीरमहंमद नंतर समरीनला म्हणाले. "यांच्या घरात लाकूड नाही. खाटा लोखंडी, कपाटं पत्र्याची, पोळपाट-लाटणंसुद्धा संगमरवरी. दुकानाला एकदा आग लागली होती म्हणे, नव्यानं लग्न झालं तेव्हा. मी इतकी वर्षं ओळखतो, एक पाट विकू शकलो नाही त्या घरात."

समरीननं पडद्यावर इमारत दाखवली. शेठ खूश झाले. सुमतीबाईंनी मान वाकडी करून बघितलं.

"दिसती छान. मी न्हाई राहणार."

"का हो काकी?"

"लाकूड हाय म्हणून. वाळवी लागती."

समरीननं सांगितलं, वाळवीसाठी औषध असतं. तशा सुमतीबाई ताठ झाल्या.

"म्हंजे घरात राहायला जायचं आणि पहिल्या दिवसापासनं जीव मारायचे? आमी जैन, आमच्यात चालत नाय ते."

शेठ खाली बघायला लागले. समरीन मात्र विचार करू लागली. थोड्या दिवसांनी तिनं नवं चित्र दाखवलं. लाकूड सुरूच होणार होतं जमिनीपासून उंचावर, सिमेंटच्या मजल्यावर, आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याची अशी पट्टी, की वाळवीला चढून जायला वाटच नाही.

"मारायचं नाही, काकी. वरच येऊ द्यायचं नाही."

"हे बरंय," सुमतीबाई म्हणाल्या. "पण मी रोज फरशी धुते. नुसतं पोछा मारून माझं भागत नाय. बादलीभर पाणी ओतते."

हे समरीनच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ज्या देशांतल्या इमारती तिनं अभ्यासल्या तिथे बहुतेक कुणी घरात बादली ओतत नसावं. तिनं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि धुण्याची जागा प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक आणल्या. त्यांच्या तळाला परातीसारखा काठ असलेला थर दिला आणि पाणी गळलं तर आधी बाहेर दिसेल अशी नळी काढली. बाल्कन्यांची छपरं पुढे ओढली, म्हणजे पाऊस लाकडाला भिडायचा नाही. वरच्या मजल्यावर कुणी खलबत्ता कुटला तर खालच्याची झोप मोडू नये म्हणून स्लॅबवर रेतीचा थर आणि त्यावर फरशी आली. सुमतीबाई हरकती घेत होत्या आणि इमारत सुधारत होती. थप्पीतल्या आम्हा फळ्यांना हा खेळ फार आवडायला लागला होता.

एक हरकत मात्र हलत नव्हती.

"आग लागली तर?"

समरीन आकडे सांगायची. जाड लाकूड एकदम पेटत नाही, वरून कोळसा होतो, तो कोळसाच आतल्या लाकडाला आगीपासून वाचवतो, मिनिटाला अमुक इतकंच जळतं. सुमतीबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जळतं ना पण?"

तेव्हा समरीननं ठरवलं की जाळूनच बघायचं. इमारतीचे खरे स्लॅब पुढे मोठ्या कारखान्यात व्हायचे होते आणि परवानगीसाठीच्या चाचण्या मोठ्या प्रयोगशाळेत. पण त्याआधी कृती तरी ठरायला हवी. तिनं आमच्यातल्या काही फळ्या घेतल्या, ग्लू लावला, लोखंडी चौकटीत जॅकनं दाबल्या, आणि माझा थोरला भाऊ तयार झाला. देखणा होता. वखारीमागच्या अंगणात विटांची चौकोनी भट्टी रचून तिच्यावर झाकणासारखा त्याला ठेवला आणि खाली जाळ केला.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. मग एकदम धप्प आवाज झाला. भावाचा खालचा अख्खा थर सुटून पेटता पेटता जाळात पडला. उघड्या पडलेल्या दुसऱ्या थराला नव्यानं आग लागली. कोळशाचं पांघरूण अंगावर राहिलं तर ते वाचवणार, तेच गळून पडलं. पीरमहंमदनी पाण्याचा पाइप सोडला.

समरीन भुशाच्या ढिगावर बसली. वडिलांनी चहाचा कप तिच्या शेजारी ठेवला आणि ते आत जाऊन एका कपाटाला रंधा मारत राहिले. समजूत घालायची त्यांची हीच रीत होती.

चहा गार झाल्यावर ती उठली. पडलेला थर उलटा केला, बोट फिरवलं. लाकूड धड होतं. सुटला होता ग्लू. उन्हात, थंडीत चिवट राहणारा तो ग्लू आगीच्या उष्णतेला मऊ पडला होता. दोष कुठे आहे ते सापडलं म्हणताच तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी हसू नाही म्हणणार, पण हसू तिथून फार लांब नव्हतं.

मग तिनं एक गोष्ट केली जी मला आजही आवडते. मंचरला फोन लावला आणि सुमतीबाईंना सांगितलं, "काकी, पहिला स्लॅब नापास झाला. थर सुटून पडला. तुम्ही विचारत होता ते बरोबर होतं."

पलीकडून सुमतीबाईंचा आवाज वखारभर ऐकू आला, कारण फोनवर त्या नेहमी मंचरहून जुन्नरला हाक मारल्यासारख्या बोलायच्या.

"लपवलं न्हाईस, लई बरं केलंस. आता पुढचा जाळशील तेव्हा मी समोर बसणार."

पुढचा म्हणजे मी!

उष्णतेला दाद न देणारा ग्लू शोधण्यात पावसाळा गेला. तो लावून, फळ्या उभ्या-आडव्या रचून मला चौकटीत घातलं. जॅक आवळायला लागले तशा आम्ही सगळ्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडलो. बाहेर काढलं तेव्हा मी एक होतो. दोन दारं शेजारी ठेवावीत एवढा रुंद, वीतभर जाड, कडेला पाच थरांच्या पाच रेघा. पीरमहंमदनी माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "काय माल झालाय!" जन्मल्या जन्मल्या कौतुक झालं. त्याच वेळी हेही कळलं की आपण जळण्यासाठीच जन्मलो आहोत. काय वाटलं म्हणून विचाराल तर भीती वाटलीच. पण त्याहून जास्त उत्सुकता होती. बांधावरच्या कुठल्या निलगिरीनं एवढं महत्त्वाचं काम केलं होतं?

या खेपेला वखारीतली भट्टी पुरणार नव्हती. कळंबला चिमाजीची वीटभट्टी आहे. चिमाजी पीरमहंमदांचा दोस्त, त्यानं जागा दिली. मला ट्रॅक्टरमधून उतरवून घेताना तो म्हणाला, "पीरभाई, लई इपरीत काम लावलंय तुमी. लाकडाची घरं झाल्यावर माझी वीट कोन घेनार? माझ्याच भट्टीवर माझा वैरी भाजायला आनलाय!"

"तळमजल्याच्या भिंती विटांच्याच आहेत, चिमाजीकाका," समरीन हसून म्हणाली.

"मंग भाजा. चांगला खरपूस भाजा."

पौषातली सकाळ होती. अंगात हुडहुडी भरेल अशी थंडी. चिमाजीनं रचलेल्या विटांच्या कोठीवर मला आडवं ठेवलं आणि ज्वाळा वर येऊ नयेत म्हणून कडा ओल्या मातीनं लिंपल्या. घरात माणसं आणि सामान असतं तसा भार माझ्यावर हवा होता. वाळूची पोती मागवली होती, पण वाळूचा ट्रॅक्टर अडकला. तेवढ्यात निरगुडसरहून कांदा घेऊन चाललेला एक टेम्पो समोर आला, तो चिमाजीच्या पाहुण्याचा निघाला. त्यातल्या कांद्याच्या पिशव्या माझ्या पाठीवर रचल्या.

सुमतीबाई शेठबरोबर गाडीतून उतरल्या आणि ते बघून थबकल्या.

"हे काय, कांदा? आमच्या घरात कांदा येत नाय गं!"

"घरात नाही, काकी. घराच्या परीक्षेला आलाय."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग चिमाजीकडे वळल्या. सरपण नीट झटकून घ्या, किडामुंगी असेल तर बाहेर पडू दे, मगच पेटवा. चिमाजीनं एकेक लाकूड जमिनीवर आपटून झटकलं. त्यानंतर त्यांनी पिशवीतून स्टीलची एक वाटी काढली. तिच्यात घरचं तूप होतं, थंडीनं घट्ट थिजलेलं. ती त्यांनी कांद्याच्या दोन पिशव्यांच्या मध्ये, माझ्या उघड्या पाठीवर ठेवली.

"खाली तू काय मोजायचं ते मोज," त्या समरीनला म्हणाल्या. "मी हे मोजणार. तूप इतळलं, की इमारत सिमेंटची."

समरीननं माझ्या अंगात उष्णता मोजायच्या तारा खोवल्या होत्या. तारा राहिल्या एका बाजूला. सगळे जण त्या वाटीकडेच बघायला लागले.

जाळ पेटला.

आगीविषयी मी काय सांगू? आधी ऊब वाटली, मग चटका, मग पोटाखाली नुसता लाल गोंधळ. माझी खालची कातडी तडतडत काळी पडत गेली. मला वाटलं, आता हे असंच वर वर येणार. पण जसजसा कोळसा जाड झाला तसतशी आग मंदावल्यासारखी झाली. तिला माझ्यापर्यंत पोचायला माझ्याच जळलेल्या भागातून यावं लागत होतं, आणि तो तिला येऊ देत नव्हता. पाठीवर मला अजून पौषातली थंडी लागत होती. पोटाला आग आणि पाठीला थंडी, असा मी अधांतरी पडलो होतो.

चिमाजी जाळ सारत होता. शेठ दर थोड्या वेळानं विचारत होते, "झालं का?" पीरमहंमद उभे होते ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

मग तो क्षण आला. पहिला थर जळून संपला आणि आग त्याच्या वरच्या ग्लूला भिडली. नेमकं इथेच थोरल्या भावाचं सुटलं होतं. आत मोठा फाट्टकन आवाज झाला. कोळशाचा एक ढलपा खाली पडला, ठिणग्या उडाल्या. समरीननं डोळे मिटले. पीरमहंमदनी पाण्याचा पाइप उचलला.

मी धरून राहिलो. खरं म्हणजे मी एकट्यानं काही केलं नाही. उभ्या फळ्यांनी आडव्यांना धरलं, आडव्यांनी उभ्यांना, आणि ग्लूनं सगळ्यांना. पडला तो तळहाताएवढा ढलपा. बाकीचा काळा थर जागच्या जागी राहिला.

"थांबा अब्बा," समरीन डोळे उघडून म्हणाली. "सुटला नाही. नुसता तडकला."

तासभरानं तिनं हात वर केला आणि चिमाजीनं जाळ विझवला. सगळे शिडीजवळ गोळा झाले, पण वर कुणी जाईना. मान सुमतीबाईंचा होता. त्या दोन पायऱ्या चढल्या, वाकल्या आणि वाटीत बोट घातलं. बोट आत गेलं नाही. नखानं खरवडून तुपाचा कण काढला आणि सगळ्यांना दाखवला.

चिमाजी ओरडला, "आरं तिच्यायला! थिजल्यालंच हाय!" आणि आपण कुणासमोर काय बोललो हे ध्यानात येऊन जीभ चावली. शेठनी टाळ्या वाजवल्या. पीरमहंमद पाइप तसाच हातात धरून उभे होते आणि त्यातून त्यांच्याच चपलांवर पाणी गळत होतं.

सगळ्यांना वाटलं, झालं, सुमतीबाई आता हो म्हणणार. पण पिशव्या उतरवून, पाणी मारून मला जमिनीवर ठेवलं तेव्हा त्या माझ्या जळक्या पोटाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आनंदाचा नव्हता.

समरीन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. या वेळी तिनं आकडे सांगितले नाहीत.

"काकी, त्या दिवशी दुकानात काय झालं होतं?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना 'आग लागली होती' एवढं माहीत होतं आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

"दुकानावर लाकडी माळा व्हता," सुमतीबाई सांगू लागल्या. "सासूबाई वर कापडाच्या घड्या मोजत व्हत्या. मी खाली. दिव्याची वात कपड्याला लागली. माळा नाय पेटला गं आधी. जिना पेटला. एकच जिना. त्या वर, मी खाली, आणि मधी जाळ. त्या मला म्हणतात तू पळ, मी म्हणते तुमी या. कुठनं येणार?"

बन्सीलाल शेठ मान खाली घालून ऐकत होते.

"मग?"

"मग शेजारचे धावले. दुकानातले कापडाचे तागे रस्त्यावर ढीग करून टाकले. सासूबाईंनी खिडकीतनं उडी मारली त्याच्यावर. पाय मोडला. आणि पडल्या पडल्या पहिलं काय बोलल्या असतील? 'एवढा नवा माल मातीत कुणी टाकला?'"

हे सांगताना त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. समरीनही हसली आणि तिनंही डोळे पुसले.

"लाकडाची भीती नाय मला," सुमतीबाई म्हणाल्या. "हे आत्ता तुझ्याशी बोलताना मलाच कळलं बघ. वरच्या माणसाला खाली यायला वाट नसली तर? तुझ्या इमारतीला जिने किती?"

"एक. सिमेंटचा आहे, काकी. तो जळणार नाही."

"धुरानं भरला तर?"

धूर आत येऊ न देणारी दारं समरीनच्या नकाशात होती, पंखे होते. पण समोरच्या बाईला दारं आणि पंखे नको होते. दुसरी वाट हवी होती.

"दोन करते," ती म्हणाली.

शेठ चमकले. दुसरा जिना म्हणजे प्रत्येक मजल्यावरची एक खोली गेली. ते काही बोलणार तोच सुमतीबाईंनी नुसतं बघितलं, आणि शेठना एकदम चिमाजीच्या विटांविषयी काहीतरी विचारायचं आठवलं.

नवा नकाशा व्हायला बरेच दिवस लागले. एक जिना उत्तरेला, एक दक्षिणेला, मधून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा रुंद मार्ग. खोल्या कमी झाल्या, पण त्या मार्गातून प्रत्येक मजल्यावर वारा खेळायला लागला. समरीन पडद्याकडे बघत पीरमहंमदना म्हणाली, "अब्बा, हा आधीच्यापेक्षा चांगला झालाय." ते म्हणाले, "मग आधीचा मला कशाला दाखवत होतीस?" पुढे मोठ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना माझी धाकटी भावंडं उतरली, कागदपत्रांच्या फेऱ्या झाल्या, परवानगी आली. सुमतीबाईंनी सही केली आणि पेन परत देताना एवढंच म्हणाल्या, "वरचा मजला माझा. दोन्ही जिन्यांनी खाली उतरून बघणार, मगच राहायला येणार."

आणि माझं काय झालं? मला मधोमध कापलं. आत काय आहे ते सगळ्यांना बघायचं होतं. खाली काळा कोळसा, त्यावर बोटभर तपकिरी पट्टा, आणि त्यावर बांधावर होतं तसंच स्वच्छ, फिकट लाकूड. चिमाजीनं वाकून वास घेतला आणि नाराज झाला. "मला वाटलं, सर्दीच्या औषधासारखा वास येईल." माझा एक भाग एका कॉलेजात गेला. तिथली मुलं त्याच्यावर बोटं फिरवतात आणि आपापल्या नाकाला काळं लावून घेतात, असं समरीन सांगते.

दुसरा भाग म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलतोय तो मी. मंचरच्या साइटवर, फाटकाच्या आत, मला चार विटांवर बाकासारखं ठेवलंय. जळकी बाजू खाली, धड बाजू वर. सुमतीबाई रोज सकाळी येऊन माझ्यावर बसतात आणि इंजिनीअरपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सूचना देतात. मध्ये सावळेराम येऊन गेले. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण माझ्यावर बसून वर बघत म्हणाले, "आमच्या बांधावरची हाय ही इमारत." आणि समोरच्या अनोळखी माणसाला ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

पहिला लाकडी स्लॅब चढला त्या दिवशी शेठनी जिलबी मागवली. क्रेननं तो उचलला, अलगद फिरवला आणि खांबांवर ठेवला. चिखल नाही, पाणी नाही, टेकू तर नाहीच. कामगार म्हणाले, "शेठ, स्लॅब पडला म्हणायचं का?" शेठ म्हणाले, "बसला म्हणा, बाबांनो." सुमतीबाई चपला काढून वर गेल्या, अनवाणी पायानं लाकडावर दोन-तीनदा दाणकन आपटून बघितलं. मग कडेला येऊन खाली बघितलं. समरीन खाली खिळ्याबोल्टांची तपासणी करत होती.

"ए समरीन! खाली काय करतीस? वर ये. एकटीनं काय बघू मी?"

ती धावत वर गेली. दोघी वर काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी खाली होतो. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या होत्या एवढं दिसलं.

मला वर जायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर सांगेन, थोडं वाटतं. पण कुणीतरी आधी जळून दाखवायला हवं होतं, आणि ते मला जमलं.

तुम्हाला एक विनंती आहे. नवं घर घ्याल तेव्हा फरशी बघा, बाल्कनी बघा, खिडकीतून शिवनेरी दिसतो का तेही बघा. पण आधी खाली यायच्या वाटा बघा. घर लाकडाचं असो की सिमेंटचं, हे विचारायला लाजू नका. आणि कधी या रस्त्यानं गेलात तर या, माझ्यावर टेका. फक्त बाकाच्या खालच्या बाजूला हात लावू नका, काळे होतील.

आता निरोप घेतो. तिसऱ्या मजल्याचे स्लॅब घेऊन ट्रेलर फाटकातून आत येतोय आणि क्रेनवाला शिटी मारतोय. तुम्ही नेमके वाटेत उभे आहात. जरा बाजूला सरका, माझ्या भावंडांना वर जायचंय.